मातीखालचं घर: बांधकाम आणि वायरिंग करून देणाऱ्या टीमचा रिव्ह्यू, एक वर्ष राहून झाल्यावर

सासवडच्या पुढे आमची थोडी उताराची जमीन आहे, खाली अंजीर आणि सीताफळ, वर नुसता मुरूम आणि कुसळ. त्या उतारात आत घुसवलेलं, मागून, दोन्ही बाजूंनी आणि वरून मातीने झाकलेलं घर आम्ही बांधून घेतलं आणि आता त्यात उन्हाळा, पावसाळा, हिवाळा तिन्ही काढून झालेत, म्हणून लिहितेय. अशा घराचा रिव्ह्यू एक पावसाळा बघितल्याशिवाय कुणी लिहूच नये असं माझं ठाम मत आहे.

टीम म्हणजे एक सिव्हिल कॉन्ट्रॅक्टर, त्यांचा ठरलेला स्ट्रक्चरल इंजिनियर आणि त्यांच्याबरोबर कायम असणारे वायरमन काका. टीम छोटी आहे आणि खाली तक्रारी पण लिहिल्यात, त्यामुळे इथे नाव टाकत नाही. माझे मार्क असे: वायरिंगला ५ पैकी ५, स्ट्रक्चर आणि वॉटरप्रूफिंगला साडेचार, काम संपल्यानंतरच्या सर्व्हिसला जेमतेम तीन.

आधी घरच्यांचं सांगते. "गुहेत राहायला जाणार का" हे सगळ्या नातेवाइकांनी विचारलं, फक्त सासऱ्यांनी नाही विचारलं, कारण ते बार्शीकडचे, माळवदाच्या घरात वाढलेले. लाकडी फळ्यांवर पांढरी माती दाबून केलेलं छत, दर वर्षी मृगाच्या आधी वर चढून गवत उपटायचं, नवीन माती टाकायची, हे त्यांनी लहानपणी स्वतः केलेलं. मातीचं छत थंड राहतं हे त्यांना पटवावं लागलं नाही, पण प्लॅन बघून त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला की पाणी कुठून जाणार. आणि आमच्या कॉन्ट्रॅक्टरने पण पहिल्या मीटिंगला नेमकं तेच कागदावर काढून दाखवलं, तेव्हाच मला वाटलं की ह्यांना काम कळतंय.

गारव्याबद्दल नेटवर फार अतिशयोक्ती असते, ती यांनी केली नाही हे मला आवडलं. जमिनीत तीन-चार मीटर खाली गेलं की तापमान वर्षभराच्या सरासरीच्या जवळ टिकून राहतं, आपल्या पुण्याकडे ते साधारण २५ अंश. पण छतावर आपण दीड फूट माती टाकतो, ती काही तीन मीटर नव्हे. ती दिवसाचं ऊन आत पोचू देत नाही, रात्रीची थंडी पण पोचू देत नाही, एवढंच करते, खरा गारवा येतो तो डोंगराला टेकलेल्या मागच्या भिंतीतून आणि जमिनीतून. हे त्यांनी आधीच सांगितलं होतं आणि तसंच झालं, मे महिन्यात बाहेर ४० अंश असताना मागच्या दोन खोल्यांत नुसत्या पंख्यावर झोप लागत होती, पुढचा हॉल मात्र दुपारी गरम व्हायचा. एसी घेतला नाही, घ्यायचा विचारही नाही.

तोंड कुठे करायचं यावर पण बरीच चर्चा झाली. परदेशातली जी माहिती मिळते त्यात सगळे दक्षिणेकडे मोठ्या काचा ठेवा सांगतात, कारण तिकडे हिवाळ्यात ऊन आत हवं असतं. आपल्याकडे ऊन टाळायचंय आणि पाऊस नैर्ऋत्येकडून मारतो, त्यामुळे आमचं उघडं तोंड ईशान्येला आहे आणि पाठ पावसाकडे. सकाळचं कोवळं ऊन येतं, दुपारी नुसता उजेड. अर्थात आमचा उतारच त्या बाजूचा होता म्हणून जमलं, तुमचा उतार नैर्ऋत्येकडे असेल तर मी म्हणेन दोनदा विचार करा.

आता स्ट्रक्चर. भिजलेल्या मातीचं वजन घनमीटरला १८०० ते २००० किलो धरतात. म्हणजे दीड फूट माती टाकली तर स्लॅबच्या प्रत्येक चौरस मीटरवर ८००-९०० किलो कायमचे बसले, आणि आपल्या नेहमीच्या गच्चीला माणसांच्या वावरासाठी जो भार धरतात तो चौरस मीटरला १५० किलो. हा आकडा ऐकल्यावर मला कळलं की गावातला मिस्त्री "होऽ टाकू की माती, काय होतंय" म्हणाला होता ते किती धोक्याचं होतं. चांगला मिस्त्री आहे तो, साधी घरं उत्तम बांधतो, पण हे काम इंजिनियरच्या डिझाइनशिवाय आणि सहीशिवाय करायचंच नाही. आमचा स्लॅब जाड आहे, बीम जवळजवळ आहेत, सळईचं बिल बघून नवऱ्याचा चेहरा उतरला होता, पण तिथे एक रुपया कमी करायचा नाही हे आमचं ठरलेलं होतं.

मागची भिंत तर त्याहून महत्त्वाची. भिंतीमागे तीन मीटर पाणी साचलं तर नुसत्या पाण्याचा दाब तळाशी चौरस मीटरला ३ टन होतो, मातीचा दाब वेगळा. म्हणून पाणी साचूच द्यायचं नाही. भिंतीच्या पायथ्याशी, घरातल्या फरशीच्या लेव्हलपेक्षा खाली, भोकं असलेला पाइप, त्याच्या भोवती खडी, खडीला जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) कापड गुंडाळलेलं म्हणजे माती घुसून पाइप चोंदत नाही, आणि तो पाइप उतारानेच बाजूला बाहेर काढलेला. वरच्या अंगाला, डोंगराकडून येणारं पाणी घरापर्यंत पोचायच्या आधीच वळवायला एक चर. भराव मुरमाचा, काळी माती भिंतीजवळ अजिबात नाही, कारण ती भिजली की फुगते आणि वाळली की भेगा पडतात. काळी माती फक्त छतावर वरच्या थरात, गवतासाठी, तीही मुरूम मिसळून.

वॉटरप्रूफिंग बाहेरच्या बाजूनेच, हे लक्षात ठेवा. आतून लावायचे केमिकल कोट कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, पाणी मागून ढकलतं आणि कोट सुटतो. भिंत आणि पाया जिथे मिळतात तिथे वाटा काढून (म्हणजे कोपरा सिमेंटने गोलसर करून) मग एपीपी मेंब्रेन, म्हणजे पाणी अडवणारी डांबरी शीट, त्यावर उठाव असलेली एचडीपीई (जाड प्लॅस्टिकची) शीट, मग भराव. स्लॅबवर मेंब्रेन लावून तीन दिवस पाणी भरून ठेवलं. एका कोपऱ्यात खाली ओल दिसली. कॉन्ट्रॅक्टरने वाद घातला नाही, पाणी काढलं, तेवढा भाग उचकटून परत केला आणि परत पाणी भरलं. एकदा माती टाकली की असं काही शोधणं म्हणजे सगळी माती उपसणं, त्यामुळे ही पाण्याची टेस्ट तुम्ही स्वतः उभं राहून बघा, फोनवर "झाली ताई टेस्ट" ऐकून पैसे सोडू नका. मेंब्रेनवर पातळ कोबा पण घालून घ्या, आमच्याकडे घुशी आहेत आणि घूस मातीत काय काय कुरतडते ते शेतकऱ्याला सांगायला नको.

आता वायरिंग, ज्यासाठी मी खरं तर हा रिव्ह्यू लिहायला घेतला. एरवी वायरमन कधी येतो? सेंट्रिंग (स्लॅबचा साचा) झालं की स्लॅबचे पाइप टाकायला, आणि मग प्लास्टरच्या आधी भिंती फोडायला. इथे मागच्या आणि बाजूच्या भिंती आरसीसीच्या, पलीकडे माती, त्यांना कटर लावायचाच नाही. म्हणून काका खोदाई सुरू व्हायच्या आधी, प्लॅन फायनल होताना टेबलावर बसले होते. पलंग कुठे, फ्रिज कुठे, मोबाईल कुठे चार्ज करता, रात्री उठल्यावर कुठल्या बाजूने बाथरूमला जाता, सगळं विचारलं. मला तेव्हा जरा जास्तच वाटलं होतं हे, पण आज घरात एकही एक्स्टेंशन बोर्ड नाही.

त्यांचा एक नियम होता तो मला फार पटला. मातीकडच्या तिन्ही भिंतींतून आणि छतातून एकही वायर किंवा पाइप आरपार जायचा नाही, कारण प्रत्येक भोक म्हणजे उद्याची गळती. वीज, पाणी, ड्रेनेज, इंटरनेट सगळं समोरच्या उघड्या बाजूनेच आत येतं. छतातून फक्त उजेड-हवेचे दोन शाफ्ट वर गेलेत, ते स्लॅबबरोबरच ओतलेले आणि मातीच्या वर दोन फूट उंच. मागच्या खोल्यांत आरसीसी भिंतीच्या आत थोडी फट सोडून चार इंची विटांची भिंत घातली, सगळे स्विचबोर्ड त्या भिंतीत. जागा थोडी गेली पण खिळा मारायची भीती नाही.

स्लॅबच्या आदल्या दिवशीचं त्यांचं काम मी शेजारी उभं राहून बघितलं. सळईच्या दोन जाळ्यांच्या मधून पीव्हीसी कंड्युट (ज्यातून वायर जाते ते पाइप), बाइंडिंग वायरने ठिकठिकाणी बांधलेले, प्रत्येक जॉइंटला सोल्युशन आणि वरून टेप, फॅन बॉक्समध्ये थर्माकोलचे तुकडे ठासून भरलेले म्हणजे काँक्रीट आत जाणार नाही. मग प्रत्येक पाइपचा भिंतीपासूनचा अंतराचा फोटो, फोटोत टेप दिसेल असा. हा फोटोंचा पूर्ण फोल्डर आणि हाताने काढलेला नकाशा त्यांनी घर ताब्यात देताना दिला, न मागता. काँक्रीट ओतताना व्हायब्रेटरवाल्या पोराच्या मागे मागे फिरत होते, "पायपाला लावू नको रे बाळा", दिवसभर तेच. शिवाय प्रत्येक खोलीला एक रिकामा पाइप जास्तीचा टाकून ठेवलाय, पुढे काही लागलं तर. मातीखालच्या घरात मागाहून पाइप वाढवता येत नाही, त्यामुळे तो रिकामा पाइप म्हणजे सोनं आहे.

मीटर गेटजवळ आहे, तिथून घरापर्यंत आर्मर्ड केबल (वरून धातूचं कवच असलेली) जमिनीखालून. पाऊण मीटर खोल चर, खाली वाळू, वर वाळू, मग विटा आडव्या, वर लाल टेप, मग माती. उद्या कुणी जेसीबी घातला तर आधी टेप आणि विटा दिसाव्यात म्हणून. घरात शिरताना केबलचा पाइप बाहेरच्या बाजूला उतरता ठेवलाय आणि तोंड मॅस्टिकने (चिकट सीलंटने) बंद केलंय, पाणी पण नाही, मुंग्या नाहीत, सापाचं पिल्लू पण नाही. उघडी पाइपची तोंडं सापाला फार आवडतात, गावाकडच्या लोकांना माहितीये हे.

अर्थिंगचा विषय जरा सविस्तर सांगते कारण इथे बरेच जण फसतात. मुरूम आणि खाली कातळ, म्हणजे जमिनीचा रेझिस्टन्स जास्त, अर्थिंग चांगलं मिळत नाही. काहींना वाटतं घर मातीतच आहे म्हणजे अर्थिंग आपोआप. उलट आहे बरं का! आपण सगळ्या घराला बाहेरून मेंब्रेन गुंडाळलेलं असतं, त्यामुळे काँक्रीट आणि सळई जमिनीपासून तुटलेली असते, पायाच्या सळईचं जे थोडंफार अर्थिंग साध्या घरात मिळतं ते इथे धरायचंच नाही. काकांनी खड्डे घरापासून लांब, खालच्या अंगाला विहिरीकडे घेतले, जिथे उन्हाळ्यात पण ओल असते. ६० बाय ६० सेंटिमीटरची तांब्याची प्लेट उभी, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी टाकायला फनेल. दोन खड्डे, एकमेकांपासून लांब आणि पट्टीने जोडलेले. अर्थ टेस्टर लावून रीडिंग माझ्यासमोर घेतलं, मे महिन्यात येऊन परत घेतलं कारण खरी परीक्षा कोरड्या जमिनीत. घरातल्या सळईचा सांगाडा, पाण्याचे धातूचे पाइप, खिडक्यांच्या लोखंडी फ्रेम, सगळं एका अर्थ बारला आणून जोडलंय.

डीबीमध्ये (घरातल्या मुख्य स्विचच्या बॉक्समध्ये) ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारे स्विच, आणि एक नाही, तीन. बाहेरचे दिवे आणि पंप वेगळा, किचन-बाथरूम वेगळा, खोल्या वेगळ्या. कारण पावसाळ्यात अंगणातल्या एखाद्या दिव्यात पाणी गेलं की आरसीसीबी पडणार, ते बरोबरच आहे, पण त्यामुळे मागच्या बिनखिडकीच्या खोल्यांत अंधार गुडुप व्हायला नको. जुलैमध्ये नेमकं तसंच झालं, बाहेरचा पडला आणि आत आम्हाला पत्ता पण लागला नाही. इन्व्हर्टरच्या सर्किटचा न्यूट्रल पूर्ण वेगळा ओढलाय, बऱ्याच ठिकाणी तो मेनच्या न्यूट्रलमध्ये मिसळतात आणि मग आरसीसीबी विनाकारण पडत राहतो, शेवटी लोक वैतागून आरसीसीबीच काढून टाकतात. असं करणारा वायरमन दिसला तर त्याला दारातूनच परत पाठवा, ओल असलेल्या घरात तो ३० मिलिअँपिअर म्हणजे जिवाचा प्रश्न आहे. पॅसेज, जिना आणि मागच्या खोल्यांचा एकेक दिवा, शिवाय शाफ्टमधला एक्झॉस्ट, हे सगळं इन्व्हर्टरवर. संध्याकाळी शेतपंप चालू झाले की व्होल्टेज पडतं आणि बंद झाले की उसळतं, त्यासाठी मेनला व्होल्टेज प्रोटेक्टर आहे, विजांच्या दिवसांसाठी सर्ज प्रोटेक्टर पण.

गॅसचं पण त्यांनीच सुचवलं. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, आणि अशा घरात साचला तर बाहेर जायला वाट नाही. म्हणून सिलेंडर बाहेर समोरच्या बाजूला जाळीच्या कपाटात, आत फक्त पाइप, आणि गॅस अलार्म जमिनीपासून वीतभर उंचीवर. अलार्मचा पॉइंट आधीच काढलेला होता.

मोबाईलला मागच्या खोल्यांत रेंज शून्य. हे त्यांनी आधी सांगितलं होतं आणि प्रत्येक खोलीत लॅनचा (इंटरनेटच्या वायरचा) पॉइंट दिला होता, वायफायवरून कॉल लागतात. पण लाइट आणि इन्व्हर्टर दोन्ही गेले तर बाहेर यावं लागतं, घरात म्हातारं माणूस असेल तर याचा विचार करा. आम्ही सासऱ्यांची खोली पुढे दिली.

आता तक्रारी. पहिली, पावसाळ्यातली दमट हवा. गळती एक थेंब झाली नाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची ओली हवा आत येऊन मागच्या गार भिंतींवर घाम धरते, कपाटातल्या सुती साड्यांना वास यायला लागला आणि एका कोपऱ्यात बुरशी. शाफ्ट आहेत पण पावसाळ्यात त्यांतून येणारी हवाच ओली, उपयोग काय? डिह्युमिडिफायर लागणार हे आम्हाला कुणी आधी सांगायला हवं होतं, ही त्यांची चूकच आहे, आणि विचारलं तर "पहिलं वर्ष आहे, काँक्रीट वाळतंय अजून" हे उत्तर. त्यात तथ्य आहे, नव्या काँक्रीटमधलं पाणी निघायला वेळ लागतो, पण पूर्ण उत्तर नाही ते. डिह्युमिडिफायर घेतल्यावर फरक पडला. एका खोलीत प्लॅस्टिक पेंट काढून चुन्याचा गिलावा केला, तिथे बुरशी परत आली नाही, उरलेल्या खोल्यांत पण तोच करणार आहोत.

दुसरी, फोन. काम चालू असताना कॉन्ट्रॅक्टर एका रिंगमध्ये उचलायचे, शेवटचा हप्ता दिल्यावर मेसेजला उत्तर यायला आठवडे. वरच्या चराचं तोंड पहिल्याच मोठ्या पावसात ढासळलं, ते आम्ही शेवटी गावातली माणसं लावून दगडाने बांधून घेतलं. वायरमन काका मात्र फोन केला की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी हजर.

तिसरी थोडी लहान, छताला कठडा नाही. उतारामुळे छत मागच्या डोंगराशी सलग होतं, आणि शेळ्यांना काय माहीत खाली कुणाचं घर आहे, चरत चरत पार पुढच्या कडेपर्यंत येतात. मागे-पुढे तारेचं कुंपण डिझाइनमध्येच असायला पाहिजे होतं, पोरंसोरं पण पळतात वर. झाडांचं त्यांनी नीट सांगितलं होतं, छतावर फक्त गवत आणि छोटी झुडपं, वड-पिंपळ-उंबराचं रोप दिसलं की लगेच उपटायचं. सासरे दर आठवड्याला फेरी मारतात त्यासाठी.

खर्च आमच्याकडे तेवढ्याच चौरस फुटांच्या साध्या बंगल्यापेक्षा दीडपटीच्या आसपास गेला. मोठा वाटा खोदाई (कातळ लागला की ब्रेकर), सळई आणि वॉटरप्रूफिंगचा, वायरिंगचा फरक त्यामानाने फारच थोडा. तुम्ही यांना किंवा अशा कुणालाही काम देणार असाल तर हप्ते असे बांधा की एक मोठा हप्ता पाण्याच्या टेस्टनंतर आणि शेवटचा हप्ता पहिला पावसाळा संपल्यावर. वॉटरप्रूफिंगची गॅरंटी वेगळी, लेखी, आणि त्यात माती उपसायचा खर्च कोणाचा हे स्पष्ट. कोटेशनमध्ये अर्थिंगचे खड्डे, आरसीसीबी किती, वायर कुठल्या जाडीची, हे आयटम वेगवेगळे लिहून घ्या, "इलेक्ट्रिक काम लमसम" मान्य करू नका. खोदाई दिवाळीनंतर लगेच सुरू करा, होळीच्या आत स्लॅब पडला पाहिजे, आणि भराव, पाइप, वरचा चर हे सगळं रोहिणीच्या आत संपलं पाहिजे. अर्धवट भरावावर मृगाचा पाऊस आला तर मुरूम, खडी, कापड सगळं वाहून खाली येतं, आमच्या शेजारच्या साइटवर गेल्या वर्षी ते झालंय आणि त्यांनी आता भिंतीमागची माती परत उपसायला घेतलीये.